‘गेला आहे’ आणि ‘मागत राहा’ : पंडिता रमाबाईंची खात्री व प्रार्थना

तारणाची खात्री झाली असेल, तर मग रोज गुडघे टेकून मागायचे कशाला? आणि रोज मागावेच लागत असेल, तर खात्री ती कसली? आपल्या घरगुती प्रार्थनासभांतून हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. आणि पाहावे तो मंडळीतही दोन प्रकारचे लोक आढळतात. काहीजण ‘आमचे तारण झाले’ असे म्हणतात आणि प्रार्थनेत ढिले पडतात. काहीजण आयुष्यभर मागत राहतात; पण देवाने आपला स्वीकार केला आहे की नाही या धाकातून ते कधीच सुटत नाहीत.

नव्या करारात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते पुष्कळ अंशी क्रियापदांच्या रूपांत आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीक क्रियापद केवळ काय घडले एवढेच सांगत नाही. ते घडून संपले, घडत राहिले, की घडून त्याचा परिणाम आज उभा आहे, हेही सांगते. हे उत्तर जिने स्वतःच्या आयुष्यात अनुभवले आणि मग मूळ भाषेवरून मराठी स्त्रियांच्या हाती दिले, त्या पंडिता रमाबाईंची ओळख या लेखात आपण नव्याने करून घेऊ.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील वाचकांना व्याकरणाचा बाऊ वाटण्याचे कारण नाही. जांबोटीचा माणूस घरी मराठी बोलतो आणि कचेरीत कन्नड. त्याला ठाऊक असते की मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, तर आजच्या कन्नडात ‘नावु’ हा एकच. ग्रीक भाषेतही एकच शब्द आहे. त्यामुळे मराठीत भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावे लागते की, ऐकणारा यात धरायचा की वगळायचा? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ‘आमच्या’ म्हणतो, कारण ज्या पित्याशी बोलतो त्याला आपल्यात धरता येत नाही. पण प्रेषित योहान मंडळीला लिहितो की मरणातून जीवनात येणे झाले आहे, तेव्हा तेथे ‘आपण’ शोभते, कारण वाचणाराही त्यात आहे. एका सर्वनामात केवढी सुवार्ता सामावली आहे! ती मराठी बोलणाऱ्याला आयती मिळते.

रानातली पाठशाळा

जांबोटीचे रान ज्या सह्याद्रीच्या रांगेत आहे, त्याच रांगेत खूप खाली दक्षिणेस गंगामूळ नावाचे ठिकाण आहे. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लोकांचा रोष पत्करून रानात बिऱ्हाड केले. लक्ष्मीबाईंनी पुढे तीच विद्या मुलीला दिली. व्याकरण, कोश, भागवत हे सर्व रमाबाई आईच्या तोंडून ऐकून पाठ करीत गेल्या. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले.

पुढे दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास वडील, त्यांच्या मागोमाग आई आणि मग थोरली बहीण, अशी एकामागून एक माणसे उपासमारीने व आजाराने गेली. उरले रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. देवांना पुजले, व्रते केली, दाने दिली. पण आपले कोणी ऐकले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या जवळ प्रार्थना पुष्कळ होती, खात्री मुळीच नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या शोधाचे मूळ येथे आहे.

१८७८ मध्ये दोघे बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात कोणीतरी त्यांच्या हाती संस्कृत पवित्र शास्त्र दिले. भाषा संस्कृत असूनही ते त्यांना परके वाटले. भाषांतर झाले म्हणजे अर्थ पोहोचतोच असे नाही, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. सिलचरच्या त्या अल्पशा संसारात घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाचा दाखला ज्यात आहे, तेच हे शुभवर्तमान.

बाप्तिस्मा झाला, पण...

पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. पुण्यात मिस हर्फर्ड या मिशनरी बाईंकडे त्या इंग्रजीबरोबर मराठी नवा करार वाचू लागल्या. रेव्हरंड नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांची चर्चा होत असे. १८८३ मध्ये त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या; पण कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या सहवासात त्यांनी येशू ख्रिस्ताची दया पाहिली. पतित स्त्रियांसाठी चालवलेले काम पाहिले, शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहान मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे सामान्य चरित्रलेखक विराम घेतात. रमाबाईंनी मात्र घेतला नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एखादे मत मंडळीचे आहे एवढ्यावरून ते मान्य करण्यास ही विदुषी तयार नव्हती, हे त्यावरून दिसते. शास्त्रात कोठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या गुरुभगिनींना हा गर्व वाटला. पण लहानपणी ज्यांनी मंत्रांचे अर्थ न विचारता सर्व काही केले आणि सर्व काही गमावले, त्या रमाबाईंना दुसऱ्याच्या शब्दावर आत्म्याची नाव सोडणे शक्य नव्हते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था उभी राहिली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व यश दिसत होते. आत मात्र एक पोकळी होती. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळाला काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षे लोटली होती.

‘गेला आहे’

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त आले. हा पाळक अनेक वर्षे उपदेश करीत होता आणि १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच उपदेश करीत असताना त्याचा पालट झाला. पुस्तकाचे नाव ‘मरणातून जीवनात’ अशा अर्थाचे आहे. ते वाचून रमाबाईंना उमगले की आपण ज्या नियमांना चिकटलो होतो त्यांनी तारण होत नाही. जो पापी आहे तसाच त्याला ख्रिस्त घेतो. त्यांनी स्वतःला त्याच्या स्वाधीन केले आणि त्यांना शांती मिळाली.

आता त्या पुस्तकाच्या नावाकडे पाहा. ते योहानाच्या पाचव्या अध्यायातील चोविसाव्या वचनाची आठवण देणारे आहे. जो ऐकतो व विश्वास ठेवतो त्याच्याविषयी प्रभू तेथे दोन गोष्टी सांगतो. एक, त्याला सार्वकालिक जीवन आहे. हे क्रियापद वर्तमानकाळी आहे, ‘मिळेल’ असे नाही. दुसरी, तो मरणातून जीवनात पार गेला आहे. येथे ग्रीकमध्ये ‘मेताबेबेकेन’ असे रूप आहे. व्याकरणात याला पूर्ण काळ म्हणतात. क्रिया झाली आणि तिचा परिणाम आज कायम आहे, असा त्याचा अर्थ.

मराठी बाईला हे समजावण्यास ग्रीक शिकवावे लागत नाही. शेजारीण म्हणते, ‘पाहुणा आला होता,’ तेव्हा आपण चहा ठेवीत नाही. तो निघून गेला असे समजतो. ती म्हणते, ‘पाहुणा आला आहे,’ तेव्हा तो अजून ओसरीवर बसलेला असतो. ‘होता’ आणि ‘आहे’ यांत जेवढे अंतर, तेवढेच अंतर धाक आणि खात्री यांत आहे. विश्वास ठेवणारा पार गेला होता असे प्रभू म्हणत नाही. पार गेला आहे असे म्हणतो. त्याचे पाऊल आता पलीकडच्या तीरावर आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, कृपेने झालेल्या तारणाविषयी बोलताना, पौलाने हाच काळ वापरला आहे.

संस्कृत व्याकरण शिकलेल्याला येथे एक मोठी मौजेची गोष्ट दिसते. ग्रीक पूर्ण काळात धातूच्या पहिल्या अक्षराचे द्वित्व होते. ‘दिले आहे’ यासाठी ‘देदोकेन’. संस्कृतातही ‘ददौ’, ‘चकार’, ‘बभूव’ अशी द्वित्वाची रूपे आहेत. दोन्ही भाषा एका कुळातल्या. पण अर्थ पाहा. पाणिनीच्या परंपरेत या रूपांना लिट् म्हणतात आणि ते परोक्ष भूतकाळासाठी, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी वापरतात. कोणे एके काळी राजा होता, त्याने दान केले. आम्ही ऐकले आहे, पाहिलेले नाही. ग्रीकमध्ये तेच रूप आज समोर उभ्या असलेल्या गोष्टीविषयी बोलते. आपल्यांतील कित्येकांचा विश्वास असाच लिट् रूपातला असतो. आजोबांचा पालट झाला, वडिलांचा बाप्तिस्मा झाला, आम्ही ऐकून आहोत. बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे रमाबाईंचे तारणही जणू ऐकीव होते. त्यानंतर ते त्यांचे स्वतःचे झाले.

आपल्या बेळगावशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. विधवांचे दुःख त्यांनी १८५७ मध्ये कागदावर मांडले. रमाबाईंनी त्या विधवांना घर दिले.

‘मागत राहा’

खात्री झाल्यावर रमाबाई प्रार्थनेत ढिल्या पडल्या काय? उलट, खरे मागणे तेथून सुरू झाले. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचून देवावर अवलंबून संस्था चालवता येते काय, याचा त्या विचार करू लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः उपासमार सोसलेल्या बाईला ते चेहरे ओळखीचे होते. तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे शेतजमीन होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज भाकरी हवी. रोजची भाकर मागणे ही तेथे पाठ केलेली ओळ नव्हती.

प्रभूने शिकवलेल्या या मागणीत शुभवर्तमानांमध्ये एक सूक्ष्म भेद आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘दे’ यासाठी एकाच वेळच्या क्रियेचे रूप आहे आणि त्याला जोडून ‘आज’ हा शब्द आहे. लूकाच्या अकराव्या अध्यायात चालू क्रियेचे रूप आहे आणि जोडीला ‘रोजच्या रोज’ असा शब्दप्रयोग. एक लेखक आजच्या ताटाकडे पाहतो, दुसरा रोजच्या चुलीकडे. दोन्ही प्रार्थना एकाच प्रभूच्या.

तसेच मत्तयाच्या सातव्या अध्यायात मागण्याची, शोधण्याची व ठोठावण्याची जी आज्ञा आहे, ती तिन्ही क्रियापदे चालू क्रियेच्या आज्ञार्थात आहेत. मराठीत ‘मागा’ आणि ‘मागत राहा’ असे दोन्ही म्हणता येते. ग्रीक रूप दुसऱ्याला अधिक जवळ आहे. येथे उपदेशकांनी एक सावधगिरी बाळगावी. केवळ क्रियापदाच्या रूपावर सगळा उपदेश उभारू नये, कारण ते रूप प्रत्येक ठिकाणी ‘सतत’ असाच अर्थ देते असे नाही. पण लूकाने हीच आज्ञा मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राच्या दाखल्याला जोडून दिली आहे. तेथे दाखला आणि व्याकरण एकमेकांना साक्ष देतात.

आणखी एक. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांशी अनेकवचनात बोलत असताना, खोलीत जाऊन दार लावण्याचे सांगताना एकवचनावर येतो. ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ म्हणतो. पुढे प्रार्थना शिकवताना पुन्हा अनेकवचन. गुप्त प्रार्थना ज्याची त्याला करावी लागते. मंडळीची प्रार्थना सर्वांनी मिळून. आजच्या इंग्रजीत हा भेद दिसत नाही, मराठीत तो राहिला आहे.

केडगावात दोन्ही झाले. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी संजीवनासाठी प्रार्थना करण्यास मुलींना बोलावले. आरंभी सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. जूनपर्यंत पाचशेहून अधिक जमू लागल्या. जानेवारीत मागितले आणि जानेवारीतच मिळाले असे झाले नाही. सहा महिने मागणे चालू राहिले आणि जूनच्या अखेरीस मुक्तीत संजीवन आले. पापांची कबुली, रडणे, मग आनंद, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत सुवार्तेसाठी निघालेल्या मुलींच्या टोळ्या, असा तो क्रम होता.

खात्री आणि प्रार्थना एकाच वचनात

योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तेरा ते पंधरा या वचनांत हे दोन्ही धागे एकत्र विणले आहेत. विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आहे हे त्यांना कळावे म्हणून आपण लिहीत आहोत, असे प्रेषित आधी सांगतो. लगेच तो प्रार्थनेकडे वळतो. देवाच्या इच्छेप्रमाणे मागितले तर तो ऐकतो, आणि तो ऐकतो हे ठाऊक असेल तर मागितलेले आपल्याजवळ आहे हेही ठाऊक आहे. येथे ‘ठाऊक आहे’ यासाठी ‘ओइदा’ या क्रियापदाचे रूप आले आहे. ते घडणीने पूर्ण काळाचे, अर्थाने वर्तमानकाळाचे. संस्कृतातील ‘वेद’, म्हणजे ‘तो जाणतो’, हे रूप याचे सख्खे भावंड आहे. तेही घडणीने लिट् आणि अर्थाने वर्तमान. पाहिले, म्हणून आता जाणतो, असा त्याचा मूळ भाव.

म्हणजे खात्री ही प्रार्थनेचा शेवट नव्हे, तिची सुरुवात आहे. पलीकडच्या तीरावर पाय टेकलेले लेकरू बापाकडे मागते. आपण बापाचे आहो की नाही हे ठरवण्यासाठी ते मागत नाही. बापाचे आहे म्हणूनच मागते. ‘गेला आहे’ हे देवाने केलेले काम आहे आणि ‘मागत राहा’ ही त्याने दिलेली मोकळीक आहे. मात्र ‘त्याच्या इच्छेप्रमाणे’ ही मेख विसरून चालणार नाही. कोणतेही क्रियापद देवाचा हात पिरगळण्यासाठी दिलेले नाही. ज्या मनोरमेच्या हाती मुक्तीचे काम सोपवायचे, ती जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंची खात्री त्या दिवशी मोडली असती, तर ती खात्री मिळालेल्या उत्तरांवर उभी होती असे म्हणावे लागले असते. ती मोडली नाही. त्या पुन्हा मुद्रितांवर बसल्या.

केडगावचा छापखाना

ती मुद्रिते होती मराठी पवित्र शास्त्राची. संजीवनाच्या त्या काळापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. चालू भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, खेड्यातील बाईला ते कळत नाही आणि त्यांतील कित्येक शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटल्या आहेत, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतात ‘सरस्वती’ ठरलेल्या बाईने मराठीतून संस्कृत शब्द काढायला बसावे, यातच त्यांचा पालट दिसतो. विद्वत्ता आपली, पण ताट वाचणारीचे.

छपाईचे काम मुक्तीतच झाले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, हे सर्व तेथील मुलींनी व स्त्रियांनी केले. दुष्काळातून हाडाच्या सापळ्यासारख्या आलेल्या मुली ओळीओळीने प्रभूचे शब्द जुळवीत होत्या. जगात बायबलची भाषांतरे पुष्कळ झाली. पण एका बाईने मूळ भाषांवरून केले आणि बायकांनीच छापले, असे उदाहरण विरळा.

अखेरच्या दिवसांत प्रकृती ढासळली असता, काम पुरे होण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि तेवढेच त्यांना मिळाले, असे सांगितले जाते. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मंडळ्यांतून ते फारसे रूढ झाले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. पण एका भाषांतराचे मोल किती प्रती खपल्या यावर ठरत नाही. साध्या बाईलाही मूळ शब्दाचा नेमका अर्थ मिळण्याचा हक्क आहे, ही गोष्ट त्यांनी कायमची सिद्ध केली.

आपल्यासाठी

वाचकहो, आपल्यांतील फार थोड्यांना ग्रीक शिकण्याची संधी मिळेल. पण मराठी तर आपली आहे. उद्या सकाळी शास्त्र उघडाल तेव्हा क्रियापदाच्या शेपटाकडे पाहा. ‘आहे’ दिसले तर थांबा. देव आज उभ्या असलेल्या गोष्टीविषयी बोलत असेल. ‘तू’ दिसले तर समजा, हे तुम्हालाच आहे. ‘आपण’ दिसले तर शेजाऱ्यालाही त्यात घ्या. आणि व्याकरणाने कोणाचे तारण होत नाही हेही ध्यानात असू द्या. आठ वर्षे रमाबाईंजवळ व्याकरण होते, बाप्तिस्मा होता, कीर्ती होती. उणीव एका गोष्टीची होती; ती ख्रिस्ताने भरून काढली.

ज्यांना अजून धाक आहे त्यांनी योहानाचा पाचवा अध्याय वाचावा. जे खात्री मिळाल्यापासून निवांत बसले आहेत त्यांनी लूकाचा अकरावा वाचावा. घरच्या प्रार्थनेत दोन्ही अध्याय एकापाठोपाठ मोठ्याने वाचले, तर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर घरातील लहान मूलही देईल.